तिसऱ्यातून दुसऱ्यात

१ जानेवारी १९९६, सोमवार
परवा शनिवारी रिटायर झालो. सगळी नोकरी बांधकाम खात्यात आरेखक म्हणून गेली. नारळ, शाल, भाषणं. साहेब म्हणाले, राजारामभाऊंचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नाही. टाळ्या. बाकीचे निरोपाच्या वेळी रुमाल काढतात. मला काही झालं नाही. घरी येऊन शाल खुंटीला लावली आणि नारळ फोडून जेवणाऐवजी खाल्ला.

ही डायरी सिमेंटवाल्याने दिलेली. दर वर्षी देतो, दर वर्षी कोरी राहते. या वर्षी लिहायची. फक्त कामाचं.

काम एकच. बायकोला, येसूला, सांगलीहून साताऱ्याला घरी आणणे. आम्रपालीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या एप्रिलमध्ये लेकीकडे गेली, ती तिथंच आहे. नात पायल आता आधार न घेता बसते म्हणे. येसूला कंबरेचा त्रास आहे. एसटीचे झटके सोसत नाहीत. म्हणून येणं लांबलंय. दुसरं कारण संभवत नाही.

उपाय केला आहे. सेकंडहँड फियाट घेतली. परवा येते.

३ जानेवारी
फियाट आली. रंग सायीसारखा. आधीचे मालक इस्लामपूरचे एक डॉक्टर. गियरचा दांडा स्टेअरिंगखाली, डाव्या हाताला. लायसन्स डिसेंबरातच मिळालं. परीक्षेत गाडीने आठचा आकडा काढायचा असतो. आकृत्या काढण्यात माझा हात कोण धरणार? आरटीओच्या साहेबांनी दोनदा काढायला लावला, बहुधा कौतुकाने.

शेजारच्या नानासोंनी गाडीभोवती फेरी मारून टायरला लाथ घातली. मिलिटरीतून रिटायर झालेला माणूस. गाड्यांतलं कळतं.

जानेवारीअखेर येसू घरी.

९ जानेवारी
मूळ प्रश्न सापडला.

वरचे गियर टाकायला अक्कल लागत नाही. गाडीला पुढं जायचंच असतं, आपण अडवायचं नाही एवढंच. खरी परीक्षा खाली येताना. तिसऱ्यातून दुसऱ्यात. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग जुळला नाही, की गाडी मान टाकते आणि आत बसलेल्याचीही मान हलते. कंबरदुखीचा माणूस असेल तर संपलंच.

नगर वाचनालयात इंग्रजी मासिक चाळलं. परदेशात रेसच्या काही गाड्यांना म्हणे दोन क्लच बसवलेत. एक गियर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला. एक सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो, मधे रिकामी जागाच नाही. ड्रायव्हरने नुसतं बटण दाबायचं. आळशी लोकांची कामं. आपण एका क्लचवर करून दाखवू.

आज पोवई नाक्यावर सरावाला गेलो. तिसऱ्यातून दुसरा टाकताना गाडीने अशी उडी घेतली की मागच्या रिक्षावाल्याने उतरून विचारपूस केली. लोक चांगले आहेत.

१५ जानेवारी
नानासोंना गुरू केलं. म्हणाले, “आवं राजाभाऊ, डबल क्लच मारायचा. क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, सोडा. मग थोडी रेस द्या. परत क्लच दाबा, खालचा गियर घाला, सोडा. लय सोपं हाय. आमी आर्मीत डोळं झाकून करत हुतो.”

कागदावर अगदी बरोबर आहे. वेग जुळवून घ्यायचा आणि मगच धरायचं. आलेख काढून भिंतीला लावला. येसूचं कॅलेंडर तिथं होतं, ते काढलं. तसंही गेल्या वर्षीचं होतं.

प्रत्यक्षात न्यूट्रलला आणून रेस देईपर्यंत गाडी थांबते. सवयीचा प्रश्न.

२८ जानेवारी
येसू जानेवारीअखेर येणार नाही. घाई बरी नाही. फेब्रुवारी.

डॅशबोर्डवर ऑफिसातली स्पिरिट लेव्हल, म्हणजे पातळी बघायची काचनळी, चिकटवली. बुडबुडा मधे राहिला पाहिजे. आज दिवसभर बुडबुडा दिसलाच नाही, सतत एका टोकाला. गोडोलीचे रस्ते सपाट नाहीत. मीच आखलेत, मला माहीत आहे.

४ फेब्रुवारी, रविवार
चांदसाहेबला चाचणीला बसवलं. शाळेपासूनचा मित्र. मोती चौकाजवळ गाद्यांचं दुकान. सांगलीचा फोन त्याच्याच दुकानात येतो, कारण आमच्या नंबरचा अर्ज अजून वेटिंगवर आहे.

त्याचं काम: मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचं आणि झटका बसला की “बसला” म्हणायचं. कोरेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत तो “बसला, बसला” असं कंडक्टरसारखं म्हणत होता. मग म्हणाला, “राजा, थांब रं जरा.” गाडी परत वळवायला लावून दुकानातून कापसाची गादी आणली, दुप्पट घडी घालून सीटवर टाकली आणि वर बसला. त्यानंतर एकदाही बोलला नाही. पाहिलं तर झोपला होता.

चाचणी यशस्वी. गादीचा प्रभाव असू शकतो, पण झोप ही झोपच.

उतरताना म्हणाला, “भाभीला फोन कर एकदा. गाडीचं नको बोलूस, नुसता कर.” गाडीचं नाही तर मग काय बोलायचं, हे सांगितलं नाही.

त्याच्या मेहरुनबीने डबा पाठवला होता. हल्ली आठवड्यातून चार-पाचदा पाठवते. नवनवीन पदार्थ करून बघत असणार. आजच्या सालनाची, म्हणजे रश्शाची, चव कळली नाही. पण डबा संपला होता, म्हणजे चांगलं असणार.

११ फेब्रुवारी, रविवार
फोन केला. येसूशी बोललो. सगळं समजावून सांगितलं: फियाट, डबल क्लच, बुडबुडा. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “गाडी नको. तुमी या.”

गाडी नको म्हणाली. झटक्यांची इतकी धास्ती घेतली आहे. तिला सांगितलं, निर्धास्त राहा, झटका शून्यावर आणल्याशिवाय गाडी तुझ्या दारात उभी करणार नाही. मग म्हणाली, पायलला दात येतोय. म्हटलं, कोणता? म्हणाली, “कोणता म्हणजे?” फोन आम्रपालीने घेतला.

एकंदर संभाषण चांगलं झालं.

२५ फेब्रुवारी
मोठी ट्रिप. कोरेगाव. सांगलीच्या वाटेवर नाही, पण रस्ता ओळखीचा आणि सरावाला दिशा लागत नाही.

कोरेगाव स्टेशनच्या फाटकाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात जायचं होतं. डबल क्लचच्या नादात पहिला पडला. गाडी किंचाळली. एक म्हातारी रस्त्यावरून ओरडली, “आरं, जनावर हाय का काय त्ये!” फाटक उघडेपर्यंत आणि उघडल्यावरही तसाच बसून राहिलो. मागचे हॉर्न वाजवत होते. ऐकू येत होतं. आपल्याला उद्देशून आहे असं वाटलं नाही.

१७ मार्च
यवतेश्वर घाट. या घाटाच्या रुंदीकरणाची वळणं मी टेबलावर काढली होती. प्रत्येक वळणाची त्रिज्या पाठ. वळणाआधी कुठं दुसरा गियर टाकायचा ते घरूनच ठरवून निघालो. अडचण अशी की नकाशावर समोरून म्हशी येत नाहीत.

एका म्हशीशी जवळून ओळख झाली. दोघेही सुखरूप. हेडलाइट नाही.

येसू: एप्रिलमध्ये नक्की.

२ एप्रिल
डावा पाय बधिर होतोय. क्लच दाबला आहे की सोडला आहे, तळव्याला कळत नाही. डॉक्टरकडे गेलो. त्यांनी टाचणी टोचून विचारलं, दुखतं का? म्हटलं, दिसतंय, दुखत नाही. उजव्या पायाला टोचली. तेच. हाताला टोचली. म्हटलं, आता थोडं. ते म्हणाले, थोडं म्हणजे? म्हटलं, दुखत असावं.

विचारलं, कधीपासून? नेमकं सांगता आलं नाही. शुगर नाही, काही नाही. विचारलं, घरी कोण असतं? म्हटलं, फियाट. ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि चालायला जा म्हणाले. चालायला कशाला, गाडी आहे.

१४ एप्रिल, रविवार
आज जयंतीला सांगलीत असायचं ठरवलं होतं. पण वस्तीतली पोरं सकाळीच आली. म्हणाली, काका, बाबासाहेबांचा फोटो तुमच्या गाडीवर लावून मिरवणूक काढायची. नाही म्हणता येत नाही.

दुपारभर चालण्याच्या वेगाने. पहिला गियर, फक्त पहिला. तिसऱ्याचा प्रश्नच नाही, म्हणून एकही झटका नाही. बायका म्हणाल्या, काय सुरेख चालवली गाडी. शेवटी जळका वास यायला लागला. पोरं म्हणाली फटाक्यांचा. क्लचचा होता.

लेझीम, गुलाल, गाणी. सगळे नाचत होते. मी काचेतून बघत होतो. पूर्वी या दिवशी येसू पहाटे उठून वंदनेची तयारी करायची आणि पांढरं पातळ नेसायची. ते पातळ इथं कपाटात नाही. बघितलं.

९ मे, गुरुवार
पायलचा पहिला वाढदिवस. निर्णय: आज जाणारच. मोती चौकातून फ्रॉक घेतला, पिवळा. दुकानदाराने माप विचारलं. हाताने दाखवलं. तो म्हणाला, एवढी तर जन्मताना असतात. अंदाजे मोठा घेतला.

सकाळी निघालो. उंब्रज, कऱ्हाड, सगळं वेळेवर. पेठ नाक्याच्या अलीकडे मेंढरांचा कळप आडवा आला. तिसऱ्यातून दुसरा. पाय कुठं आहे ते कळलं नाही. असा झटका बसला की शेजारच्या सीटवरचा फ्रॉकचा खोका उडून काचेवर आपटला आणि खाली पडला.

मेंढरं गेली. मी बाजूला थांबलो. ही तर रिकामी सीट. तिथं येसू असती तर? अशा अवस्थेत तिला गाडीत बसवणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. नाक्यावर चहा घेतला. सांगली पुढं तासाभरावर. परत फिरलो.

निर्णय योग्य होता. तिथपर्यंत जाऊन तिला न आणता परतणं जास्त वाईट दिसलं असतं.

१० मे
फ्रॉक पार्सलने पाठवला.

चांदसाहेब म्हणाला, काल संध्याकाळी सांगलीचा फोन सारखा येत होता. केक कापायचा थांबवून ठेवला होता म्हणे. त्याने सांगून टाकलं, गाडी बिघडली. मी म्हटलं, गाडीला विनाकारण बदनाम केलंस. त्याने हातातली गादीची सुई खाली ठेवली. म्हणाला, “राजा, तू एसटीत का बसत न्हाईस रं? जा, भेट, ये. भाभीला आणायचंच असं कुठं हाय?”

त्याला मुद्दा समजलेला नाही. गाद्या करणाऱ्या माणसाला झटक्याचं गांभीर्य कळणार नाही.

२ जून, रविवार
आम्रपालीचा फोन. शिक्षिका आहे, मुद्देसूद बोलते. म्हणाली, “बाबा, आईचं गाडीशी काही अडलेलं नाही. ती इथं हसते, बोलते, जावयाची, प्रबुद्धची, चेष्टासुद्धा करते. साताऱ्यात ती बोलायची बंदच झाली होती. तुम्हाला कळलं होतं का?”

म्हटलं, तिने कधी तक्रार केली नाही.

म्हणाली, “तुम्ही कधी विचारलंत?”

लाइन खराब होती. म्हणजे खरखर नव्हती. पण पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. शेवटी तब्येत सांभाळा एवढं ऐकलं. म्हटलं, इंजिन ऑइल बदललंय.

हवापालटाचा गुण दिसतो. सांगलीचं पाणी मानवलं असेल.

१४ जुलै
धक्का. नानासोंची शालूबाई शेवग्याच्या शेंगा द्यायला आली. तिला म्हटलं, नानासोंनी आर्मीत किती मोठे ट्रक चालवले हो. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. “ट्रक कसलं! आवं, त्ये भटारखान्यात हुतं. पाचशे माणसांचं वरान करायचं. गाडी कवा चालवली न्हाई त्येनी. सायकल बी मीच शिकवली.”

विचार केला. तरीही ट्रकमध्ये बसून प्रवास तर केलाच असेल. ड्रायव्हरशेजारी बसला असेल. निरीक्षणातून आलेलं ज्ञान कमी प्रतीचं नसतं. मीही आयुष्यभर रस्ते काढले, चाललो कुठं.

रात्री त्यांच्या घरातून नवरा-बायकोच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. कशाला एवढं हसतात कळलं नाही. खिडकी लावून घेतली, नंतर परत उघडली.

११ ऑगस्ट
यवतेश्वर. धुकं, बारीक पाऊस. रस्त्यावर कुणी नाही.

जमलं.

तिसऱ्यातून दुसऱ्यात. क्लच, न्यूट्रल, थोडी रेस, क्लच, दुसरा. बुडबुडा हलला नाही. खात्री करायला पुढच्या वळणावर परत केलं. परत जमलं. नुसता इंजिनाचा आवाज बदलतो, बस. वर देवळापाशी गाडी उभी केली. कुणाला तरी सांगावं म्हणून उतरलो. एक कुत्रं होतं.

आनंद व्हायला हवा. होईल. इतक्या महिन्यांची मेहनत आहे, थकवा उतरायला वेळ लागतो.

आता फक्त पाऊस उघडू दे. ओल्या रस्त्यावर जोखीम नको.

८ सप्टेंबर
पाऊस उघडलाय. ब्रेकच्या लायनरचं बघून घेतो आणि निघतो.

१५ सप्टेंबर
लायनर चांगले आहेत असं मेकॅनिक म्हणतो. दुसऱ्या मेकॅनिकला दाखवतो.

२२ सप्टेंबर, रविवार
चांदसाहेब सकाळी स्वतः घरी आला, धापा टाकत. निरोप: येसू पुढच्या रविवारी येते आहे. एसटीने. एकटी.

येते आहे! बसायला सांगितलं तर बसला नाही. मी म्हटलं, बघ, शेवटी येतेच आहे. तो म्हणाला, “भाभी येताहेत, व्हय. पण राजा, त्या काय म्हणाल्या पुरतं ऐक की.” मी म्हटलं, आली की तीच सांगेल.

कंबर सुधारली असणार. आता सामानाची तयारी. घर झाडलं. भिंतीवरचे आलेख काढले, मग परत लावले. तिला बघायला आवडतील.

२९ सप्टेंबर, रविवार
स्टँडवर गाडी घेऊन गेलो. येसू उतरली. थोडी भरली आहे अंगाने. केस कापल्यासारखे वाटले. विचारलं नाही.

कंबरेचं विचारलं. म्हणाली, “कंबरेला काय झालंय?”

सोसत असणार. सांगायची सवय नाही तिला.

गाडीत बसली. पोवई नाका, गोडोली. एक-दोन झटके बसले. लोकांच्या गर्दीत सराव वेगळा आणि शेजारी माणूस बसलेला असताना वेगळा.

घरी आली आणि पदर खोचून स्वयंपाकघर घासायला घेतलं. मेहरुनबीचे डबे ओळीने बाहेर काढले, एकेक करून मोजले. मग चहा केला. चहा पिताना सांगितलं. शिलाई मशीन न्यायला आली आहे. सांगलीला विश्रामबागेत शेजारच्या बायकांचे ब्लाउज शिवते, कामं वाढली आहेत, भाड्याचं मशीन परवडत नाही. आम्रपालीने मागच्या खोलीत जागा करून दिली आहे.

म्हटलं, म्हणजे परत जाणार?

म्हणाली, “व्हय.”

मग म्हणाली, “तुमाला काय म्हणायचंय का?”

पुष्कळ वेळ होता. ती बशी हातात धरून थांबली होती. मी उठून तिला भिंतीवरचा आलेख समजावून सांगितला. वेग कसा जुळवायचा, मधली रिकामी जागा कशी भरायची. सगळं ऐकलं तिने. शेवटी म्हणाली, “चांगलं काढलंय.” बशी धुवायला गेली.

मशीन एसटीत नेणं अवघड आहे. उद्या मीच गाडीने पोचवणार. तिनेही नको म्हटलं नाही. इतक्या महिन्यांचा सराव कामाला येतो आहे.

३० सप्टेंबर, सोमवार
सकाळी नानासो आणि मी मिळून मशीन मागच्या सीटवर ठेवलं. चांदसाहेबने गादी पाठवली होती, ती खाली घातली. येसू पुढं बसली. शालूबाईने तिला मिठी मारली. बायका रडल्या. मी टायरमधली हवा बघितली.

निघालो. काय गाडी चालवली आज! लिहून ठेवायलाच हवं. उंब्रजला तिसऱ्यातून दुसरा: लोण्यासारखा. कऱ्हाडच्या पुलाआधी: तसाच. मशीनची एक खिटी वाजली नाही.

उंब्रजपर्यंत ती बोलत होती. पायल “आज्जी” म्हणायला लागली आहे, पहिला शब्द तोच. पिवळा फ्रॉक अजून मोठा होतो, पण तोच घालायचा हट्ट धरते, जमिनीवर लोळतो तो. मी म्हटलं, छान. मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. मीही रस्त्याकडे लक्ष दिलं.

इस्लामपूरला चहा घेतला. टपरीवरच्या बाकावर बसून म्हणाली, “तुमी गाडी शिकला ती मला आणायला?”

म्हटलं, हो.

“मग आला का न्हाई?”

म्हटलं, तयारी झाली नव्हती.

“आन् आता झाली?”

म्हटलं, आता झाली. अगदी पूर्ण.

ती हसली. मोठ्याने नाही. ग्लास खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “मी एप्रिलपासनं वाट बघितली. ह्या न्हवं, गेल्या. बाळंतपण झालं, बारसं झालं, म्हटलं आता येतील आन् म्हणतील, चल घरी. नुसतं म्हटलं असतं तरी एसटीत बसून आले असते. मग वाट बघायचं बी ऱ्हायलं. कवा ऱ्हायलं त्ये मलाच कळलं न्हाई.”

मी चहावाल्याला सुट्टे दिले.

आष्ट्याच्या पुढं ती झोपली. खिडकीला डोकं टेकून, गाढ. चांदसाहेबला गादीवर आली होती ती झोप वेगळी. ही बिनगादीची. मी तिच्याकडे दोन-तीनदा पाहिलं. रस्त्यावर लक्ष हवं हे खरं, पण रस्ता सरळ होता.

सांगलीवाडी आली तेव्हा जागी झाली. आयर्विन पुलावर गर्दी. समोर ट्रक, मागं बस. तिसऱ्यातून दुसऱ्यात आलो. आजवरचा सगळ्यात चांगला. मलासुद्धा कळला नाही. नदी भरून वाहत होती, ती पाण्याकडे बघत होती.

विचारलं, काही जाणवलं?

म्हणाली, “कशाचं?”

म्हटलं, मी आत्ता गियर बदलला.

म्हणाली, “न्हाई. काय जाणवलं न्हाई.”

विश्रामबागेत प्रबुद्धने मशीन उतरवून घेतलं. चांगला मुलगा आहे, त्याने गाडीचं कौतुक केलं. पायल चालत बाहेर आली. चालते. फ्रॉकमध्ये पाय अडकत होता. माझ्याकडे पाहिलं आणि येसूच्या मागं लपली. आम्रपाली म्हणाली, बाबा, राहा आज. येसू फाटकाशी उभी होती. तीही म्हणाली, “ऱ्हावा की. जेवून जा उद्या.”

म्हटलं, हेडलाइटचा फोकस नीट नाही, उजेडात पोचलेलं बरं.

हेडलाइट उत्तम आहेत. गेल्याच महिन्यात बघून घेतलेत. का म्हटलं तसं, माहीत नाही.

परत येताना गाडी रिकामी. कऱ्हाडपर्यंत एकही गियर धड पडला नाही. वजन कमी असलं की असं होत असावं.

दिवेलागणीला गोडोलीत पोचलो. दारात गाडी लावली. इंजिन बंद केलं आणि उतरायचं राहिलं. डाव्या पायाखाली क्लच दाबलेलाच होता. सोडावा असं वाटेना. किती वेळ गेला कल्पना नाही. काचेवर टकटक झाली. चांदसाहेब. दुकान बंद करून आला होता.

विचारलं, “भाभी?”

म्हटलं, गियर फार छान पडले.

तो फिरून पलीकडच्या बाजूला आला, दार उघडून शेजारी बसला. दार हळूच ओढून घेतलं. मग दोघेही समोरच्या भिंतीकडे बघत बसलो.